खराब जागांची यादी

"मित्राताई, तुम्ही गाता?" लिफ्टमध्ये स्वरदाने विचारलं आणि संघमित्राच्या तोंडून "नाही" इतक्या झटकन निघालं की ती स्वतःच दचकली. गंमत म्हणजे त्या क्षणापर्यंत ती गातच होती. खुल्या गळ्याने नाही, ओठ मिटून, पण मान डोलावत, डब्याच्या पिशवीवर बोटांनी ठेका धरत. वरच्या मजल्यावरच्या या पोरीच्या कानात एरवी कायम काहीतरी खुपसलेलं असतं. आज ते नेमकं चार्ज नव्हतं, म्हणून तिला ऐकू गेलं. "अहो, पण आत्ता तर..." "ते असंच गं," संघमित्रा म्हणाली आणि तळमजला आला. स्वरदा स्कूटीची किल्ली फिरवत निघूनही गेली. संघमित्रा मात्र गेटपाशी उभी ती उभीच. आपण विचार केला नाही, आठवून बघितलं नाही, आणि उत्तर तयार! दिलं कोणी? मला विचारलं होतं ना? मग मला न विचारता आतून कोण बोललं? असल्या फुटकळ गोष्टीने माणसाचा दिवस खराब व्हायचं कारण नाही, आणि तिचा झालाही नव्हता. उलट कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. फक्त त्याच जागी थोडं टोचतही होतं.

टोचायला कारण होतं. कालच पप्पांचा फोन आला होता. असल्फ्याच्या डोंगरावर, जिथे ती वाढली आणि आई-पप्पा अजून राहतात, तिथल्या विहाराचं सभागृह बांधून झालं होतं. रविवारी उद्घाटन, त्यात गाण्यांचा कार्यक्रम, आणि पप्पा शेवटची ढोलकी वाजवणार. "खांदा आता ऐकत नाही, पोरी. रविवारी वाजवतो आणि खुंटीला लावतो. तू म्हणशील का एक? आपलं नळाचं?" येताना कोथिंबीर आणशील का, इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "बघते." त्यांच्या घरात "बघते" म्हणजे नाही, हे आईला ठाऊक, पप्पांना ठाऊक, गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक असावं. "बरं, उद्या संध्याकाळपर्यंत सांग. मंडळाच्या पोरांना क्रम लावायचाय," म्हणाले आणि ठेवला फोन. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत. रतन कांबळ्यांची ढोलकी शेवटची वाजणार, आणि त्यांच्या लेकीला तिच्यासोबत एकदा उभं राहायचं की नाही ते आज ठरवायचं होतं. ठरवायचं काय त्यात! नाही म्हणायचं होतं. गाण्याला आजवर म्हणत आली तसं.

घाटकोपरहून साकीनाक्याला मेट्रो काही मिनिटांत नेते, आणि मधे असल्फा लागतं. खिडकीतून डोंगर दिसतो, एकावर एक चढलेली घरं, निळे-गुलाबी रंग दिलेल्या भिंती, पाण्याच्या काळ्या टाक्या. संघमित्रा त्या वेळेला मोबाईल बघते. मुद्दाम नाही हो, सवयच तशी. डोंगरावर ती जाते, आईच्या हातची बोंबलाची चटणी खाते, पप्पांच्या गोळ्या आणून देते. पण कार्यक्रमाच्या दिवशी नाही. स्टेज बांधलं की तिला ऑफिसचं काम निघतं. याचं मूळ एका संध्याकाळी आहे, आणि ती संध्याकाळ तिच्या डोक्यात नेहमी एकाच क्रमाने येते. ती दहावीत होती. डोंगरावर त्याच वर्षी नळ आला होता, आणि छापखान्यात काम करणाऱ्या पप्पांनी त्या आनंदात गाणं रचलं होतं. "नळ आला गं, नळ आला, डोंगरावरती नळ आला, हंडा म्हणतो कळशीला, जीव माझा हलका झाला." जयंतीच्या कार्यक्रमात ती निळी ओढणी घेऊन स्टेजवर उभी राहिली, पहिलं कडवं झकास म्हटलं, आणि दुसरं आठवेना. डोकं कोरं. मग लोकांचा हशा. मग पप्पांची ढोलकी थांबली. हशाचं एक वेळ ठीक, वस्तीतली माणसं हसणारच. पण पप्पांनी ढोलकी थांबवली, हे तिला आजवर पचलेलं नाही. त्यापुढे काहीच नाही, एकदम घर, भिंतीकडे तोंड आणि अंगावर चादर. पप्पा कधी काही बोलले नाहीत. तिनेही कधी विचारलं नाही. असा बाप, जो ताप असला तरी ठेका सोडत नाही, तो आपल्यामुळे थांबला, हे काय विचारायचं असतं?

साकीनाक्याला तिचं ऑफिस एका गाळ्याच्या माडीवर आहे. खाली पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकणारं मशीन दिवसभर धडधडत असतं, आणि वर ही मंडळी हवामान केंद्रांसाठी सीलबंद पेट्या बनवतात. डोंगरमाथ्यावर, जंगलात, बेटांवर बसवायच्या पेट्या. एकदा बसवली की वर्षानुवर्षं तिथे कोणी फिरकत नाही. पेटीच्या आत छोटा संगणक, आणि संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी. मशीन चालू झालं की सगळ्यांत आधी हा उठतो, मेमरीत किती जागा आहेत ते बघतो आणि ज्याला जेवढी हवी तेवढी वाटून देतो. आता मेमरी कधीकधी एखाद्या ठिकाणी बिघडते. तिथे पाच ठेवले की सात निघतात. घरातल्या संगणकाची मेमरीची पट्टी बदलता येते, पण जंगलातल्या पेटीची बदलायला माणूस पाठवायचा म्हणजे आधी बिबट्याला विचारायला हवं. म्हणून संघमित्राने कर्नलमध्ये एक सोय लिहिली होती: एकदा जिथे दगा झाला ती जागा यादीत टाकायची, आणि पुढच्या वेळी मशीन उठताना, कोणालाही काहीही द्यायच्या आधी, ती यादी वाचून तेवढ्या जागा बाजूला काढायच्या. बाकीची मेमरी सुखाने वापरायची. हे काम तिला फार आवडायचं. आख्खं घर न सोडता फक्त गळक्या कोपऱ्यात पाय न ठेवणं, यात तिला काहीतरी समजूतदार वाटायचं.

आणि ही सोय सगळ्या पेट्यांवर चालत होती, एक सोडून. टेबलावरच्या त्या पेटीला सगळे आजीबाई म्हणत. आजीबाईच्या मेमरीत पाच-सहा जागा बिघडलेल्या होत्या, तपासणीचा प्रोग्रॅम चालवून त्या कोणत्या हेही कळलेलं होतं. पण आजीबाई चालू व्हायची, थोडा वेळ नीट चालायची, मग नेमकी खराब जागेत पाय घालून कोसळायची. कोसळली की स्वतःच पुन्हा उठायची, आणि पुन्हा तिथेच जायची. जणू काही घडलंच नाही. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. अनिरुद्ध, म्हणजे तिचा बॉस, कॉलेजात तिच्याच वर्गात होता, त्यामुळे दोघांत अरे-तुरे. तो सकाळीच टेबलाशी येऊन उभा राहिला. "मित्रा, आज पाचला सगळं फायनल जाणार. तुझं ते नाही जमलं तर मी वरची अर्धी मेमरी बंद करून टाकतो. सगळ्या पेट्यांवर."

"अर्धी?"

"मग? खराबी सगळी वरच्या अर्ध्यात आहे ना? नकोच ती. कटकट नाही."

"अरे, पाच-सहा जागांसाठी अर्धी मेमरी? वेडा आहेस का तू?"

"पेटी चालेल ना पण?"

"चालेल! अर्ध्या डोक्याने चालेल!"

"चालतात गं लोकं," अनिरुद्ध म्हणाला आणि चहा सांगायला गेला. तसा स्वभावाने वाईट नाही तो, फक्त त्याला प्रश्न सुटण्यापेक्षा मिटलेला आवडतो. संघमित्रा चरफडत खुर्चीत बसली. राग आला की तिची बोटं वेगाने चालतात. तिने आजीबाईला पुन्हा चालू केलं, पडद्यावरून ओळी सरकू लागल्या, आणि तिचं अर्धं लक्ष ओळींवर, अर्धं त्या सकाळच्या "नाही"वर. नाही. किती गुळगुळीत झाला होता तो शब्द, वापरून वापरून. कॉलेजच्या गॅदरिंगला नाही. ऑफिसच्या पिकनिकला भेंड्या लागल्या की पाणी प्यायला उठायचं. भावाच्या लग्नात हळदीची गाणी सुरू झाली तेव्हा ही स्वयंपाकघरात पापड तळत होती, एवढे पापड की दुसऱ्या दिवशी वऱ्हाडालाही पुरले. बाथरूममध्येसुद्धा नळ सोडून मग गुणगुणायचं. काही दुःख होतं का? छे, मुळीच नाही. सुखाने चालली होती. नोकरी आवडीची, घाटकोपरला स्वतःचं घर, चार मैत्रिणी, समुद्रावर फिरायला जायची हौस. फक्त एका कोपऱ्यात जायचं नाही, एवढंच. आणि त्या कोपऱ्यापायी हळूहळू किती खोल्यांना कुलूप लागलं ते तिने कधी मोजलं नव्हतं.

आजीबाई कोसळली. उठली. ओळी पुन्हा सरकल्या. संघमित्राला एकदम वाटलं, ही यादी वाचतच नाहीये. असं कसं होईल, वाचण्याचा भाग तर तिने स्वतः लिहिलेला, डोळे मिटून म्हणून दाखवेल. यादी मेमरीच्याच एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवलेली असते. मशीन कोसळून उठतं तेव्हा वीज जात नाही, म्हणून तिथलं लिहिलेलं टिकतं. उठल्यावर कर्नल यादी उघडतो, आकड्यांची बेरीज जुळते का बघतो, जुळली तरच विश्वास ठेवतो. आणि नाही जुळली तर? तर काय, तिने लिहिलं होतं: यादी टाकून दे आणि गप्प बस. मशीन इतकं नुकतं जागं झालेलं असतं की त्या वेळी पडद्यावर काही छापणंही अवघड, म्हणून गप्प बस. तिने तो भाग पहिल्यांदाच बोलका केला. जुळलं नाही तर ओरड. चालू केलं. आजीबाई ओरडली. संघमित्राचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. म्हणजे यादी आहे, उघडली जाते, पण आतले आकडे बिघडलेले, म्हणून कर्नल ती फेकून देतो आणि समजतो की घर धडधाकट आहे. आकडे का बिघडले? तिने यादीच्या कोपऱ्याचा पत्ता काढला. बाजूला खराब जागांचे पत्ते ठेवले, जे ती कित्येक दिवस रोज बघत होती. त्यातला एक नेमका त्याच कोपऱ्यात होता.

ती खो-खो हसत सुटली. अशी हसली की खालचं झाकणांचं मशीनसुद्धा दबलं असेल. "कुठली खोली गळते ते चिठ्ठीवर लिहून ठेवलं," ती हसू आवरत अनिरुद्धला सांगू लागली, "आणि चिठ्ठी ठेवली कुठे? त्याच गळक्या खोलीत! अरे, खराब जागांची यादीच खराब जागेत आहे! बाकीच्या पेट्यांचा तो कोपरा धड आहे म्हणून तिथे चालतं. इथे नाही. सगळं मेलं तपासलं, आपण ज्यावर उभे आहोत तेवढीच फरशी नाही तपासली."

"म्हणजे चूक कोणाची?"

"माझी! शंभर टक्के माझी!"

"एवढ्या आनंदाने स्वतःची चूक कोण सांगतं यार?" अनिरुद्ध म्हणाला, पण तोही हसायला लागला होता.

दुरुस्ती सोपी होती, जेवायच्या आधीच झाली. यादीच्या दोन प्रती, मेमरीच्या दोन लांब टोकांना. उठल्यावर दोन्ही बघ. एक बिघडली असेल तर दुसरीवरून सुधारून घे, आणि मुख्य म्हणजे गप्प बसू नकोस, बोंब मार. आजीबाई चालू झाली. एक प्रत बिघडली आहे असं तिने पडद्यावर लख्ख छापलं, दुसरीवरून यादी उचलली, खराब जागा शहाण्यासारख्या बाजूला काढल्या आणि चालत राहिली. जेवण झालं, आजीबाई चालतेय. तीन वाजले, चालतेय. अनिरुद्धने अर्ध्या मेमरीचा विषय काढलाच नाही, उलट दोन प्लेट शेवपुरी मागवली. संघमित्रा प्लेट घेऊन जिन्यात जाऊन बसली, कारण आनंद फार झाला की तिला थोडं एकटं बसावं लागतं. खालून धडधड येत होती, एकसारखी, आणि तिची टाच आपोआप त्यावर पडत होती. शेवपुरी तिखट होती. नाकातून पाणी यायला लागलं. आणि त्या तिखटात, कुठलाही गाजावाजा न करता, तिच्या मनात आलं: स्टेज नको, गाणं नको, हे सगळं मी लिहून कधी ठेवलं? त्याच संध्याकाळी. त्याच स्टेजवर, डोकं कोरं झालेलं असताना. छे! तिने स्वतःला झापलं. मशीन ते मशीन, माणूस ते माणूस. असल्या तुलना सकाळी-सकाळी मोबाईलवर सुविचार पाठवणाऱ्या काकांना शोभतात. तिने अजून एक पुरी तोंडात टाकली. पण विचार जाईना. एक प्रत बिघडलेली असेल तर दुसरीवरून बघायचं, हे तिने स्वतः, आजच, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. दुसरी प्रत कुठे होती तेही तिला माहीत होतं. डोंगरावर, खांदा शेकत बसली असणार.

"जय भीम, पप्पा."

"जय भीम, जय भीम. नाही म्हणायला फोन केलास ना? राहू दे, मी पोरांना सांगितलं तसं."

"पप्पा, एक विचारू? मी दहावीत असताना... नळाच्या गाण्याला... लोक हसले होते ना?" तिने प्लेट पायरीवर ठेवली.

"हसले की! पोट धरून हसले."

झालं. दोन्ही प्रती जुळल्या. "आणि तुम्ही ढोलकी थांबवलीत."

"कोणी?"

"तुम्ही."

"मी थांबवली? मी?" पप्पांचा आवाज चढला. "अगं ए, मी स्टेजवर ढोलकी थांबवेन का? बापाला एवढंच ओळखलंस? तू दुसरं कडवं विसरलीस, आणि दिलंस ठोकून पहिलंच पुन्हा. मीही वाजवलं. मग परत विसरलीस, परत पहिलंच! असं तीनदा. लोक हसायला लागले, तशी तूही हसायला लागलीस. ओढणी तोंडात कोंबून हसत होतीस नुसती. हसता हसता तिसऱ्यांदा म्हटलंस. काय टाळ्या पडल्या त्या वेळी! अगं शेवंते, ही बघ काय म्हणतेय, म्हणे मी ढोलकी थांबवली!"

मागून आईचा आवाज आला, "कोण थांबवतंय? यांना जेवायला बोलावलं तरी थांबत नाहीत!"

"मी हसत होते?" संघमित्राने विचारलं.

"तूच तर सगळ्यात जास्त."

ती जिन्याच्या भिंतीला टेकली. इतक्या वर्षांत तिने ती संध्याकाळ किती वेळा बघितली असेल, आणि त्यात तिचं स्वतःचं हसू कुठेच नव्हतं. नुसतं पुसलेलं. तिला रडू आलं आणि त्याच वेळी एवढं हलकं वाटलं की उठून दोन-दोन पायऱ्या उतरत गाळ्याबाहेर पळत सुटावं. "मग पप्पा, तुम्ही नंतर कधी म्हणाला का नाहीत, गा म्हणून?"

"म्हणालो की. तू म्हणालीस नाही. मला वाटलं, अकरावी-बारावीचा अभ्यास आहे. मग वाटलं कॉलेज आहे. मग म्हटलं, नोकरी आहे, मोठं काम करते पोरगी, कुठे नळाची गाणी म्हणायला लावायची तिला. रोज उठून कोण विचारणार? तुला हवं असतं तर तू आली असतीस, असं धरून चाललो."

"येते," ती म्हणाली. "रविवारी येते. गाते."

फोनवर पप्पा आईला ओरडून सांगताना ऐकू आले, मग आईचं ओरडणं, "दुसरं कडवं पाठ करून ये म्हणावं!", मग कोणीतरी ढोलकीवर एक थाप मारली. नक्की दुखऱ्या हातानेच मारली असणार.

पाठ तर तिने असं केलं की विचारू नका. शनिवारभर घरात, गॅलरीत, भाजी निवडताना, खिडक्या उघड्या टाकून. "रांगेमधली भांडणं सरली, बादली आमुची दारी भरली." इतकं सोपं कडवं! हे विसरायला खरंच कौशल्य लागतं. रविवारी सकाळी ती असल्फा स्टेशनवरून डोंगर चढून गेली, दम लागला, कपाळावरचे केस चिकटले, आणि सभागृहात शिरली तर नव्या रंगाचा वास, खुर्च्यांची खडखड, पोरं पताका लावतायत, बायका पांढऱ्या साड्यांत. विशाल, तिचा धाकटा भाऊ, माईक बघत होता, तिला बघून त्याने माईकमध्येच "आयला!" म्हटलं आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. ती ओढणी सावरत स्टेजकडे गेली. स्टेजवर पप्पा ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते, खांद्याला मलमाचा वास, डोळे ओले आणि चेहरा लहान मुलासारखा चेकाळलेला. मागे कोरसला वस्तीतल्या पाच-सात बायका. त्यातली सुनंदा शाळेत तिच्या बाकावर बसायची; तिने हळूच चिमटा काढला.

ढोलकी सुरू झाली. संघमित्राने डोळे मिटले, उघडले, आणि गायला लागली. आवाज सुरुवातीला घोगरा आला, वर्षानुवर्षं बंद खोलीतून यावा तसा, मग मोकळा झाला, मग असा लागला की पुढच्या रांगेतली एक म्हातारी "या बया!" म्हणून सावरून बसली. नळ आला, हंडा कळशीशी बोलला, सभागृह टाळ्यांनी ठेका धरू लागलं. पहिलं कडवं संपलं. आता दुसरं. होतं, अगदी जिभेवर होतं, एक अक्षर हललेलं नव्हतं! तिने ताठ मानेने, विजयी आवाजात सूर लावला, "रांगेमधली भांडणं..."

आणि एकटीच पडली. मागच्या बायका, समोरच्या खुर्च्या, दारातली पोरं, विशाल, झाडून सगळं सभागृह पुन्हा पहिलंच कडवं म्हणत होतं. नळ आला गं, नळ आला. ती गोंधळून थांबली. सुनंदाने कोपर मारलं.

"अगं, चुकलीस! दुसरं एवढ्यात नसतं. पहिलं तीनदा म्हणायचं असतं!"

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? पहिल्यापासून तसंच आहे ते. दरवर्षी तसंच म्हणतो आम्ही!"

संघमित्राने पप्पांकडे पाहिलं. ते मान खाली घालून वाजवत होते, आणि हसताना त्यांचा दुखरा खांदा गदगदा हलत होता. समोर डोंगरभर माणसं एका सुरात तिची चूक म्हणत होती. तिला हसू फुटलं, आवरेना. तिने ओढणी तोंडाशी धरली, तरी आवरेना. मग ती तशीच, हसत हसत, तिसऱ्यांदा पहिलं कडवं म्हणायला लागली.